जुना टायर काय सांगतो

टायर बदलायला आलेला माणूस दुकानात पाऊल टाकताच विचारतो, "चार टायर कितीला बसतील?" मी लगेच भाव सांगत नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगतो आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसून नक्षीवरून तळवा फिरवतो. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. नवा टायर कोणता घ्यायचा याचं निम्मं उत्तर जुन्या टायरवरच असतं. चपलेचा झिजलेला तळ बघून माणूस कसा चालतो ते कळतं, तसं घासलेला टायर बघून गाडी कुठल्या रस्त्यानं जाते, तिच्यात किती माणसं बसतात आणि हवा कधी तपासली जाते, हे सगळं कळतं. ते न बघता टायर विकायला माझं मन घेत नाही.

माझं दुकान बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या रस्त्यावर आहे. नगद नारायण महाराजांचा हा गड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते इथे येऊन दर्शन घेतात. गड बालाघाटाच्या डोंगरात आहे, त्यामुळे वाटेत चढ आहे, वळणं आहेत. एकादशीला जीप, बोलेरो, सात आसनी गाड्या, छोट्या मोटारी यांची रीघ लागते. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी मनोज जरांगे पाटलांचा मेळावा गडावर झाला, तेव्हाही राज्यभरातून गाड्या आल्या होत्या. आणि हे सण-मेळाव्याचं झालं. एरवीही आमच्या भागाचं सगळं चाकांवरच चालतं. अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर बीड शहराला रेल्वेच नव्हती. दवाखाना, कॉलेज, कोर्ट, लग्न, बाजार, सगळं रस्त्यानं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्याही रस्त्यानंच जातात. त्यामुळे टायर ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही, आणि दुर्लक्ष करण्याजोगी तर मुळीच नाही.

रोज बीडला शाळेवर जाणारे एक गुरुजी गाडी घेऊन आले होते. तक्रार एकच. "दादा, गाडी डावीकडं ओढायलीय. टायर हलके निघाले. या खेपेला चांगल्या कंपनीचे द्या."

मी चाकाशी बसलो. डाव्या टायरची आतली कड पार गोटा झाली होती, बाहेरच्या बाजूला मात्र अजून बरीच नक्षी शिल्लक होती. उभं राहून बघणाऱ्याला बाहेरची बाजूच दिसते, म्हणून गुरुजींना टायर ठीक वाटत होता. तळवा एका दिशेनं नेला तर गुळगुळीत लागायचा, उलट फिरवला की नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड हाताला टोचायची. असं लागलं की समजायचं, चाक सरळ चालत नाही, थोडं तिरकं फरफटतंय. म्हणजे अलाइनमेंट गेलंय.

"गुरुजी, टायर हलके नव्हते. गाडीनं खाल्ले. अलाइनमेंट न करता नवे घातले तर तेही असेच जातील."

त्यांनी आधी अलाइनमेंट करून घेतलं, खालचा एक झिजलेला जॉइंट बदलला, आणि मग टायर घेतले. कंपनी तीच ठेवली. अलाइनमेंटचा खर्च टायरच्या मानानं किरकोळ असतो. तरी नवे टायर घेताना माणूस वाचवायला बघतो तो नेमका तोच.

घासण्याच्या या खुणा एकदा समजून घेतल्या की कुणालाही वाचता येतात. मधोमध जास्त घासला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा घासल्या आणि मध्ये नक्षी उभी राहिली असेल तर हवा कमी राहते किंवा ओझं जास्त होतं. एकच कड घासली तर अलाइनमेंट. टायरवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल तर खड्ड्याच्या दणक्यानं आतले धागे तुटलेत. त्या टायरची दुरुस्ती होत नाही, नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो काढायचाच. आणि चारही टायर सारखे, सपाट घासले असतील तर त्या माणसानं गाडी नीट वापरली आहे. त्याला मी जो टायर होता तोच पुन्हा घ्या म्हणून सांगतो.

किती घासला म्हणजे बदलायचा, यावर दुकानात नेहमी वाद होतो. नव्या मोटारीच्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटरची अट आहे. ती मोजायला हत्यार लागत नाही. मोठ्या खाचांच्या तळाशी मधून मधून रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ही शेवटची हद्द आहे. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर त्या हद्दीपर्यंत चालवणं एक वेळ चालून जाईल, मिरगाच्या तोंडावर नाही. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं असतं. खाच उथळ झाली की पाणी टायरखाली साचतं, वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो, आणि तेवढा वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हाताबाहेर असतात. म्हणून जून आला आणि नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली असली, की मी टायर बदलायलाच सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून दिवाळीपर्यंत निघतील की." निघतील. पण मधे आषाढी आहे, गडाचा चढ आहे, आणि गाडीत घरची म्हातारी माणसं आहेत.

आमच्या भागात टायरची परीक्षा ऊन आणि पाऊस दोन्ही घेतात. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. उन्हात माणसाला भीती वाटते की हवा वाढून टायर फुटेल, म्हणून कित्येक जण हवा मुद्दाम कमी ठेवतात. होतं उलटंच. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं उष्णता वाढते, रबर आणि आतले धागे यांची पकड सुटायला लागते, आणि मग एका क्षणी टायर फुटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर टायरमधला दाब साधारण दीड-दोन पीएसआयनं वाढतो. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ धरलेलीच असते. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला आकडा भरायचा, आणि तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. नायट्रोजनबद्दलही लोक विचारतात. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो भरायला हरकत नाही, पण दर पंधरा दिवसांनी हवा तपासण्याचं काम त्यानं चुकत नाही.

हे सगळं महत्त्वाचं झालं ते रस्ते बदलल्यामुळे. पूर्वी गावाहून बीडला जाताना खड्डे एवढे असायचे की वेगच मिळत नसे. आता सोलापूर-धुळे महामार्गावर गाडी सरळ पळते. पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याहून लोक समृद्धी महामार्गाला लागतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला मुंबईकडच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाला आणि मोटारीला तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं जो थकलेला टायर वर्षभर गुमान चालतो, तोच तिथे सलग तासभर शंभरच्या पुढे पळवला की तग धरत नाही. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा परिवहन विभागानं समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली, घासलेल्या टायरच्या गाड्या परतवल्या. त्यावर नाराज होणाऱ्यांना मी सांगतो, की ती तपासणी आपल्या दारातच, निघायच्या आदल्या दिवशी करायची असते.

काट्याचं मात्र आमचं स्वतंत्र प्रकरण आहे. बांधावर, नदीकाठी, मोकळ्या रानात वेडी बाभूळ माजली आहे, आणि गर्दीच्या दिवशी गाड्या लागतात त्या शेतांतच. ट्यूबलेस टायरमध्ये काटा घुसला तरी हवा एकदम जात नाही, ही त्याची मोठी सोय. धोका असा, की चालकाला काही कळतच नाही. रोज थोडी थोडी हवा जाते आणि तो टायर कमी हवेवर महिनाभर पळतो. मग कडा घासतात, भिंत आतून भाजून निघते. असा टायर रिमवरून उतरवला की आत काळ्या रबराचा भुगा सापडतो. तो दिसला की मी पंक्चर काढत नाही, टायरच बाजूला ठेवतो. मालकाला राग येतो, पण भुगा त्याच्या तळहातावर ठेवला की त्याचं त्यालाच पटतं.

सात आसनी गाडीवर भाडं मारणारा एक तरुण माझ्याकडे नेहमी येतो. रुग्णांना संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेणं, लग्नाची वऱ्हाडं, गडाच्या फेऱ्या. त्याच्या टायरच्या दोन्ही कडा घासलेल्या होत्या. त्यानं एक स्वस्तातला टायर शोधून आणला होता. माप तेच, १८५/६५ आर १५.

"मामा, माप जमतंय, मग अडचण काय?"

मी त्याला मापाच्या पुढचा आकडा दाखवला. मापात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. लोक इथेच थांबतात. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. त्याच्या जुन्या टायरवर ८८ एच होतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो ओझं पेलतं, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्यानं आणलेल्यावर ८४ होतं, म्हणजे ५०० किलो. एका टायरमागे साठ किलो कमी. त्याच्या गाडीत सात माणसं बसतात, टपावर सामान असतं, आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट असतो. टायर सगळीकडे ८८ चाच बसवायचा, जास्त चालेल, कमी नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. शिवाय भरल्या गाडीला हवा किती, हाही वेगळा आकडा दाराच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. आता पंपावर कुणी "तीस-तीस टाकू का?" विचारलं, तर तो स्वतः आकडा सांगतो.

रुंद टायरची हौसही अशीच तपासून घ्यावी. १८५ च्या जागी १९५/६५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे तेरा मिलिमीटरनं वाढतो. वेगाचा काटा ९८ दाखवतो तेव्हा गाडी शंभरनं पळत असते. स्टिअरिंग जड होतं, इंधन थोडं जास्त लागतं, आणि पूर्ण वळवल्यावर काही गाड्यांत टायर आत घासतो. दिसायला बरं वाटतं, पण रोज गावरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याचा काही लाभ नाही. कंपनीनं दिलेलं माप हेच बहुतेकांसाठी योग्य माप.

सगळ्यात जास्त हुज्जत होते ती चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असतात तेव्हा. पैशाची ओढ प्रत्येकाला असते आणि दोन घेण्यात गैर काही नाही. बहुतेक छोट्या मोटारींचे पुढचे टायर आधी जातात, कारण इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, वळणं पुढच्या चाकांना, आणि ब्रेकचा भारही पुढेच जास्त. म्हणून मालक म्हणतो, नवे पुढं टाका. मी म्हणतो, मागचे बरे असतील तर ते पुढं घेऊ, आणि नवे मागं टाकू.

"अवो, सगळं काम पुढचे टायर करतात अन् नवे मागं कशाला?"

कारण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते. चालकाला स्टिअरिंगमध्ये ते लगेच जाणवतं, तो पाय उचलतो, वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची चाकं घसरली तर गाडीची शेपूट फिरते. ते जाणवेपर्यंत गाडी आडवी झालेली असते, आणि सावरायला जे कसब लागतं ते शंभरात एखाद्याकडेही नसतं. घाटात एका बाजूला दरी असते, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत असतो. म्हणून पाणी फेकणारी खोल नक्षी मागे हवी. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा सल्लाही हाच आहे. आणि पुढे-मागे झिजण्यातला हा फरक राहू द्यायचा नसेल, तर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करावी, म्हणजे चारही बरोबर संपतात.

आता पैशाचं. टायरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. मूळ किंमत पाच हजार असेल तर पूर्वी ६,४०० व्हायचे, आता ५,९००. चार टायरमागे दोन हजार वाचले. नेमक्या त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, आमच्या जिल्ह्यात नद्या पात्र सोडून वाहिल्या, शेतं खरडून गेली. अशा वर्षात माणूस दोन हजारांकडे बघतो तसं पाचशेकडेही बघतो, आणि ते रास्तच आहे. म्हणूनच हिशेब नीट करायला हवा. समजा एक टायर ५,९०० चा आहे आणि चाळीस हजार किलोमीटर चालतो. किलोमीटरला पावणेपंधरा पैसे पडले. दुसरा ४,२०० चा आहे आणि पंचवीस हजार चालतो. त्याला जवळपास सतरा पैसे पडले, शिवाय बसवणं, बॅलन्सिंग पुन्हा वेगळं. हातातून आज कमी पैसे गेले म्हणजे टायर स्वस्त पडला असं नाही.

पण महाग तो चांगला, असंही मी म्हणत नाही. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणारी घरची गाडी असेल, तर लाखभर किलोमीटर टिकणाऱ्या टायरचे पैसे देण्यात अर्थ नाही. नक्षी संपायच्या आत रबरच म्हातारं होतं. तिथे ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला मध्यम भावाचा टायर घ्यावा. रोज दोनशे किलोमीटर भाडं मारणाऱ्यानं जास्त टिकणाऱ्या, कडक रबराच्या टायरकडे वळावं. टिकाऊपणा आणि ओली पकड या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. एक वाढवली की दुसरी थोडी सुटते, आणि दोन्ही सांभाळायच्या तर पैसे वाढतात. केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा अवरोध आणि आवाज या तीन गोष्टींचे किमान निकष टायरला बंधनकारक केले. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा मध्यम भावाचा टायरही आता एका मर्यादेखाली जात नाही. चेन्नईची एमआरएफ असो, नाशिक-नागपुरात कारखाने असलेली सिएट असो की संभाजीनगरच्या वाळूजमध्ये टायर बनवणारी गुडइयर, नावापेक्षा आपल्या वापराला कोणता नमुना जुळतो ते बघावं.

आणि तारीख बघावी. टायरच्या भिंतीवर, इंग्रजी डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एकानं बाहेरून मोठ्या सवलतीत टायर आणले आणि माझ्याकडे फक्त बसवायला दिले. नक्षी कोरी करकरीत, वरचे रबरी केसही शाबूत. पण आकडे चार वर्षांपूर्वीचे. रबर पडून राहिलं तरी वाळतं, आणि आमच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात तर लवकर वाळतं. बऱ्याच कंपन्या सांगतात, की पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी काढून टाका. त्या माणसानं टायरच्या आयुष्यातली चार वर्षं न चालवताच घालवली होती. सवलत त्यानंच भरली. तीच गोष्ट स्टेपनीची. ती वापरली जात नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि गरज पडते तेव्हा तिच्यात हवा नसते किंवा भिंतीला भेगा असतात. घासलेल्या टायरला रबर चढवून ट्रकवाले चालवतात, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. घरच्या मोटारीला मात्र तसा टायर किंवा कुणाचा उतरवलेला जुना टायर लावू नये. त्याला आधी काय दणके बसलेत ते बाहेरून दिसत नाही.

मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार तळव्यांएवढ्या जागेवर. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सगळ्यांचं काम शेवटी त्या चार तळव्यांवर येऊन थांबतं. म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी टायर घ्यायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी जुने टायर स्वतः खाली बसून बघा, आतली कडसुद्धा. मापाबरोबर ओझ्याचा आकडा जुळवा. बनवल्याचा आठवडा वाचून मगच टायर रिमवर चढवू द्या. दोनच घेत असाल तर नवे मागे टाका. आणि हे सगळं मे महिन्यात उरका, पहिला पाऊस पडायच्या आत.